स्फटिकांतील शुद्धता

खडीसाखरेचा खडा ज्यानें पाहिला नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळाच. साखरेच्या घट्ट पाकांत दोरा सोडून भांडें न हालवितां कांहीं दिवस ठेवलें, म्हणजे दोऱ्याभोंवतीं पैलूदार खडे जमूं लागतात. पाक किंचित् पिवळट असला, तरी खडा त्याहून स्वच्छ निघतो. मग पाकांतला मळ गेला कोठें? या साध्या प्रश्नाच्या उत्तरावरच रसायनशाळेंतील एक महत्त्वाची क्रिया उभी आहे. सेंद्रिय घन पदार्थ शुद्ध करण्याच्या या क्रियेस पुनःस्फटिकीकरण म्हणतात.

स्फटिक म्हणजे एकाच जातीच्या रेणूंची शिस्तशीर मांडणी. एका मापाच्या विटांची भिंत रचतांना वेड्यावांकड्या दगडास जागा मिळत नाहीं. त्याचप्रमाणें परका रेणु स्फटिकांत सहसा सामावत नाहीं, तो द्रावणांतच मागें राहतो. मात्र गवंड्यास पुरेसा वेळ मिळाला पाहिजे.

बेंझोइक अम्लाचें उदाहरण घ्यावें. लोबानाच्या राळेंत सांपडणारा हा पांढरा पदार्थ खाद्यपदार्थ टिकविण्यासाठीं वापरतात. शंभर घनसेंटिमीटर उकळत्या पाण्यांत तो ५ ग्रॅमांहून अधिक विरघळतो. २५ अंश सेंटिग्रेडवर मात्र केवळ ०.३४ ग्रॅम. आतां ४ ग्रॅम अम्लांत ०.१ ग्रॅम भेसळ आहे असें मानावें. सर्व कांहीं उकळत्या पाण्यांत विरघळवून द्रावण निवूं दिलें, तर साडेतीन ग्रॅमांहून अधिक अम्ल स्फटिकरूपानें बाहेर येतें. भेसळ अम्लाइतकीच विरघळणारी धरली, तरी थंड पाण्यांत तिला ०.३४ ग्रॅमपर्यंत जागा आहे, आणि ती आहे अवघी ०.१ ग्रॅम! तिला बाहेर पडण्याचें कारणच उरत नाहीं. अल्पसंख्य असणें हेंच तिच्या मागें राहण्याचें कारण होतें.

कृति सोपी, पण संयमाची आहे. पाणी जेमतेम पुरेल इतकेंच घ्यावयाचें. तें दुप्पट झालें कीं वायां जाणारें अम्लहि दुप्पट होतें. रंग असल्यास चिमूटभर कोळशाची पूड घालावी; मात्र उकळी थांबल्यावर, नाहीं तर द्रावण उसळून बाहेर येतें. कोळसा व न विरघळलेला कचरा ऊन नरसाळ्यांतून, चुण्या घातलेल्या कागदानें, गरम असतांनाच गाळून टाकावा. नंतर भांडें झांकून स्वस्थ ठेवावें. घाईनें एकदम बर्फांत ठेवल्यास बारीक स्फटिक भराभर जमतात आणि मळ त्यांच्यांतच अडकतो. स्फटिक येईनातच, तर कांचेच्या कांडीनें भांडें आंतून घांसावें किंवा शुद्ध स्फटिकाचा एक कण टाकावा. दुधास विरजण लागतें तसाच हा प्रकार. शेवटीं बर्फांत निववून स्फटिक गाळावे, बर्फासारख्या थंड पाण्यानें थोडक्यांत धुवावे आणि वाळवावे.

वजन केल्यावर विद्यार्थी हळहळतो, कारण कांहीं अम्ल पाण्याबरोबर गेलेलें असतें. तें सर्व परत मिळविण्याच्या लोभानें पाणी आटवून टाकलें, तर अम्लाबरोबर भेसळहि परत येते. खरा निकाल तराजू देत नाहीं, तो तापमापक देतो. शुद्ध बेंझोइक अम्ल १२२ अंशांच्या सुमारास झटकन वितळतें. अशुद्ध अम्ल त्याआधींच मऊ पडून रेंगाळत वितळतें. तसें झाल्यास सर्व कृति पुन्हां करावी लागते, आणि पुन्हां थोडें गमवावें लागतें.

औषधांच्या कारखान्यांतहि अनेक द्रव्यें याच रीतीनें शुद्ध होतात. तेथें स्फटिकांत अडकलेला मळ परीक्षानळींत राहत नाहीं, रोग्याच्या पोटांत जातो. म्हणून थोडें सोडून देण्याचा हा धडा विद्यार्थ्यानें प्रयोगशाळेंतच शिकावा, हें बरें.