काठावर उभी असलेली मुले



परीक्षा संपल्या, उन्हे तापू लागली, की खेडोपाडीच्या विहिरी पोरांनी गजबजून जातात. आणि घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "एवढं समजावलं, तरी पोरगं ऐकत नाही!" या न ऐकण्यामागे काय असते, त्याचा आज थोडा विचार करू.

आरंभ स्वतःपासूनच करतो. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आमच्या गावच्या विहिरीला चैत्रात पाणी कमी होई आणि कडेचा खडक पाण्याखाली जेमतेम हातभर राही. हे आम्हा सर्व पोरांना पक्के ठाऊक होते. माझा एक सोबती आमच्यात सर्वांत चांगला पोहणारा. आदल्याच दिवशी तो वडिलांबरोबर आला होता, तेव्हा मुकाट्याने पायऱ्यांनी उतरला होता. दुसऱ्या दिवशी काठावर आम्ही सहासात जण होतो. तो पायऱ्यांकडे वळला, तोच मागून कुणीतरी म्हणाले, "काय रे, भ्यालास?" त्याने एकदा वळून पाहिले आणि काठावरून उडी टाकली. पाय मोडला. तो सोबती आजही लंगडत चालतो. आणि "भ्यालास?" असे विचारणारा तो 'कुणीतरी' म्हणजे मीच.

आता पाहा, त्या मुलाला धोका कळत नव्हता असे म्हणता येईल का? मुळीच नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला निवांत बसवून विचारा, तो धोका अगदी मोठ्या माणसासारखा समजावून सांगेल. मग ऐन वेळी हे शहाणपण जाते कुठे?

अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो 2005 साली प्रसिद्ध झाला. पडद्यावर मोटार चालवण्याचा खेळ होता. मोटार जितकी पुढे न्यावी तितके गुण जास्त. पण आदळली की मिळवलेले गुण गेले. तेरा ते सोळा वर्षांची मुले, अठरा ते बाविशीतले तरुण आणि चोविशीपुढची माणसे, असे तीन गट होते. काहींना एकट्याने खेळायला बसवले, काहींजवळ त्यांचे सोबती बसवले. सोबती शेजारी असले की लहान मुले फार जास्त धोका पत्करू लागली, तरुण त्याहून थोडा कमी. मोठ्या माणसांत मात्र विशेष फरक पडला नाही.

पुढे 2011 साली मेंदूचे चित्रण करून असाच प्रयोग झाला. तेव्हा असे दिसले, की मित्र पाहत आहेत एवढे कळताच किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाच्या ओढीशी निगडित भाग अधिक जागा होतो. या वयात ही ओढ जोर धरते. पण मनाला आवरणारा मेंदूचा भाग पुरता पक्व व्हायला विशी उलटून जावी लागते. बैल जोरकस झालेला असतो, पण कासरा धरणारा हात अजून कोवळा असतो, म्हणा ना!

पण म्हणून ही ओढ वाईट असे समजू नका. याच ओढीने मुलगा मल्लखांबावर चढतो, मुलगी घर सोडून दूरच्या गावी शिकायला जाते. धाडस मारायचे नाही. त्याला वाट द्यायची आहे.

ती कशी? पहिली गोष्ट, चारचौघांत मुलाला बोलू नका. तिथे तो तुमचे ऐकत नसतो, मित्रांचे डोळे पाहत असतो. एकटा गाठा, मग बोला. दुसरी गोष्ट, उपदेशापेक्षा प्रसंगच टाळा. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी मोटारसायकलची किल्ली हाती देऊ नका. 2019 सालच्या दुरुस्तीपासून कायदा अशा गुन्ह्यात पालकाला आणि गाडीच्या मालकालाही जबाबदार धरतो. पण कायद्याच्या भीतीपेक्षा, मागे दोन मित्र बसले की तोच मुलगा वेगळा होतो, हे ध्यानात ठेवा. तिसरी गोष्ट, चार लोकांनी पाहावे असे धाडस शाळेत असू द्या. कबड्डी असो, मल्लखांब असो, दोर बांधून जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकवलेले पोहणे असो.

आणि शिक्षक मित्रहो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. आपण नेहमी उडी मारणाऱ्याला समजावतो. काठावर उभे असलेल्यांना कुणीच काही सांगत नाही. "भ्यालास?" हा शब्द काय करू शकतो, हे वर्गात एकदा बोलून दाखवा. "राहू दे रे, पायऱ्यांनी उतरू," असे म्हणणारा एक जरी त्या काठावर असता, तरी पुरे होते. त्या दिवशी तो मी होऊ शकलो असतो.

यंदाच्या उन्हाळ्यात तुमच्या गावच्या विहिरीवर असा एक तरी मुलगा असावा, एवढेच मागणे.