धोरणाचा अभ्यास आणि आपली मुले



शिक्षणावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली. विषय शोधण्याचे कष्ट मात्र पडले नाहीत. तो आमच्या घरातूनच पुढे आला. बारावीत शिकणाऱ्या आमच्या कन्येने सांगितले की तिला अभियांत्रिकी नको, वैद्यकीयही नको; सार्वजनिक धोरण आणि नेतृत्व हा मुख्य विषय घेऊन तिला पदवी घ्यावयाची आहे. आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले आणि येथील कोणत्याही पालकाने विचारला असता तोच प्रश्न विचारला : पुढे नोकरी कोणती?

या प्रश्नाची कोणी थट्टा करू नये. खलिफा सिटीतील आपले घर भाड्याचे, वास्तव्य नोकरीच्या व्हिसावर, आणि गावाकडील आणखी एखादी चूल आपल्याच पगारावर पेटते. शिवाय परदेशी शिक्षणासाठीच्या आपल्या शासकीय शिष्यवृत्त्या प्रायः पदव्युत्तर शिक्षणाकरिता व पीएच. डी. करिता असतात, पदवीचा भार पालकांवरच पडतो.

तरीही धोरण म्हणजे दूरच्या सचिवालयातील कागद, ही आमची समजूत कन्येनेच मोडली. 2022 च्या जानेवारीत या देशाची साप्ताहिक सुट्टी बदलली आणि आपली शुक्रवारची सामुदायिक वंदना रविवारी गेली. उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरील काम बंद ठेवावे लागते. रस्त्याकडेच्या सावलीत विसावलेले मजूर आपण गाडीतून पाहतो. 2009 पासून पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत लागू झाली. एका व्हिलाचे किती भाग करून किती कुटुंबांनी राहावे, हाही नगरपालिकेच्या नियमांचा प्रश्न असतो. हे नियम कोणीतरी लिहिले. लिहिण्यापूर्वी कोणीतरी उष्म्याची, अपघातांची, थकलेल्या वेतनाची मोजणी करावयास हवी. ती मोजणी करण्याचे शास्त्र शिकावे, एवढेच आमच्या मुलीचे मागणे आहे.

आणि या वाटेने आपल्यापैकी कोणी गेलेच नाही काय? परमपूज्य बाबासाहेबांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली, तेव्हा त्यांचे विषय अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हेच होते. 1913 साली महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रांतिक अर्थव्यवस्थेचा अभ्यास केला. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जातो, हा वरकरणी रूक्ष विषय. पण मुंबई विधिमंडळात 1928 साली प्रसूतिलाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला, तेव्हा केवळ करुणेचे आवाहन करून ते थांबले नाहीत; त्याच्या खर्चाचा भार कोणी सोसावा, याचाही विचार त्यांनी मांडला. पुढे 1942 पासून व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामाचे तास, सेवायोजन कार्यालये, दामोदर खोऱ्याची योजना असे प्रश्न हाताळले. आपण त्यांना संविधानाचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. तो तीस वर्षांचा आकडेमोडीचा अभ्यास मात्र बऱ्याच वेळा विसरतो.

1956 साली त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत विद्यार्थी अवघे पंधरा. महापरिनिर्वाणानंतर ते काम पुढे चालले नाही, ही गोष्ट आम्हांस आजही बोचते. त्याच वर्षी मार्चमध्ये आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांविषयी त्यांनी जी खंत बोलून दाखविली, ती आमच्यासारख्या पगारदारांना उद्देशून होती, असे आम्ही समजतो.

मात्र 'नेतृत्व' या शब्दावर भाळून जाऊ नये. नेतृत्वाचे प्रमाणपत्र देणारी दुकाने पुष्कळ आहेत. ज्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र नाही, अर्थशास्त्राचा पाया नाही, लोकांत जाऊन पाहणी करणे नाही, त्यावर आमचा विश्वास नाही. कन्येला आम्ही हीच अट घातली. ती म्हणाली, "बाबा, गणित मी सोडतेय कुठे?" अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात नेमक्या याच नावाची पदवी आहे, पण इतके दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच अबू धाबीत, सादियात बेटावरील न्यूयॉर्क विद्यापीठात, सामाजिक संशोधन व सार्वजनिक धोरण हा पदवीचा मुख्य विषय आहे. प्रवेश कठीण आहे, हेही सांगितले पाहिजे.

आपली मुले येथे वाढतात. येथील नागरिकत्व त्यांना नाही. 2010 च्या दुरुस्तीमुळे भारताच्या मतदारयादीत परदेशस्थ नागरिकाचे नाव घालता येते, परंतु मत देण्यासाठी मतदारसंघात स्वतः हजर व्हावे लागते. जेथे राहतो तेथे मत नाही, जेथे मत आहे तेथे आपण नाही. हा प्रश्न अभ्यासून त्यावर नीट टिपण लिहू शकेल असा एकही पदवीधर आपल्या मंडळात आज नाही. अभियंते बावीस आहेत. आम्ही स्वतः त्या बाविसांतलेच.

कन्येला आम्ही होकार दिला आहे. शुल्काची चिंता गेलेली नाही. रात्री हिशेबाची वही अजून उघडली जाते. पुढील महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर दहावी ते बारावीच्या मुलांनी पालकांसह आमच्या घरी थांबावे. गुणपत्रिका आणू नयेत; ज्या अभ्यासक्रमांचा विचार चालू असेल, त्यांच्या विषयांच्या याद्या आणाव्यात. चहापाण्याची व्यवस्था आमच्याकडे.

जयभीम.