छापण्याआधी वाचून दाखवा

आपल्या पुस्तकाचे आपणच प्रकाशक झालेल्या लेखक-मित्रमैत्रिणींनो,

वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखालचे १९४१चे आणि मारुती चितमपल्लींच्या अध्यक्षतेखालचे २००६चे साहित्य संमेलन आपल्या सोलापूरने पाहिले. आज प्रकाशकाविना लिहिणारे इथे जमलेत, याचे मला विशेष अप्रूप आहे.

मी छापखानेवाला. कितीतरी लेखकांनी पदरचे पैसे घालून आमच्याकडे पाचशे प्रती छापल्या आणि निम्मे गठ्ठे त्यांच्या कॉटखाली पडून राहिले. ईबुकाने तो गठ्ठा संपवला. डिसेंबर २०१६मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आली. ई साहित्य प्रतिष्ठानाने तर पीडीएफ पुस्तके फुकट घरोघर पोचवली. अक्कलकोटात लिहिलेली कादंबरी आता परदेशातली एखादी आजी अक्षर मोठे करून वाचू शकते. कानडी-तेलुगूच्या शेजारात वाढलेली आपली बोली कुणी संपादक ‘शुद्ध’ करील, ही धास्तीही उरली नाही. वाचक ओढला जातो तो या अस्सलपणाकडे.

पण तोच वाचक दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतो, तेव्हा जीव तुटतो. श्रीलिपी या जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी भलतीकडे बसते, आणि पुस्तक तसेच अपलोड होते. किंडलवर नमुन्याची पाने फुकट वाचता येतात. पुस्तक तिथेच पडते. आमच्याकडे प्रुफे तीनदा वाचली जात. ईबुकाच्या घाईत नेमके तेच काम गळाले.

त्या कामाला प्रकाशक लागत नाही, ऐकणारा लागतो. मला जोतीराव फुले आठवतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे छापून ‘दीनबंधू’ पत्राने पुढची छापणे थांबवले. पण जोतीराव थांबले नाहीत. १८८३च्या त्या ग्रंथाचे हस्तलिखित त्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर इथे लोकांना वाचून दाखवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. छापणारा नव्हता, तरी ऐकणारे त्यांनी स्वतः शोधले.

म्हणून स्वागत समितीने उद्या सकाळी एकही भाषण ठेवलेले नाही. वीस टेबले मांडली आहेत. प्रत्येकाने अजून अपलोड न केलेले एक प्रकरण अनोळखी माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचे. ऐकणाऱ्याने जिथे अडखळायला होईल तिथे थांबवायचे. आमचे दोन निवृत्त मुद्रितशोधक चष्मे पुसून तयार आहेत. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे; पण टेबले त्यानंतरही उचलणार नाही.