वाचलेले पैसे कुणाचे?

(बचत गटांच्या मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो,

‘काटकसर आणि पर्यावरण’ या विषयावर बोल, असं मला सांगितलं तेव्हा हसूच आलं. नारळाच्या शेंड्यांनी भांडी घासणाऱ्या, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या बायांना मी काय शिकवणार? तरी एक गोष्ट सांगते, खोक्याची.

जुना लाकडी खोका घ्यायचा. त्यात भाताचं तूस दाबून भरायचं, मधे पातेल्यापुरता खळगा ठेवायचा. तूस नसेल तर जुनी गोधडी. तूरडाळ तासभर भिजवून, झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळायची आणि पातेलं तसंच खोक्यात ठेवून वर उशी दाबायची. आतली उष्णता बाहेर जात नाही, डाळ त्याच उष्णतेवर शिजत राहते. दोन-तीन तास उघडायचं मात्र नाही. काढल्यावर एक उकळी आणायची. भाताला पाच मिनिटांची उकळी आणि तासभर खोका पुरतो.

माझा सिलिंडर बत्तीस दिवस जायचा, तो चाळीस दिवस गेला. मी कौतुकाने घरी सांगितलं. पुढच्या महिन्यात घरखर्चाच्या पैशातून तेवढेच पैसे कमी आले! “आता तुला कमी लागतात ना?” डोकं माझं, खोका माझा, आणि बचत त्यांच्या खिशात. तेव्हापासून मी वहीत लिहिते. वाचलेले पैसे गटात माझ्या नावावर भरते. भांडण झालं. झालं तर झालं.

दुसरं. पर्यावरणाच्या नावाखाली जे सांगतात ते सगळं मी ऐकत नाही. मशीन बंद करा, कपडे हाताने धुवा म्हणे. मनगटं कुणाची? सांगणारा धुणार असेल तर मशीन आज बंद करते. खोका मला आवडला कारण गॅसबरोबर माझं चुलीपुढचं उभं राहणंही वाचलं. पाळीला कापडी घड्या वापरल्या तर दर महिन्याचा खर्च आणि कचरा दोन्ही वाचतात, हे खरंच. पण त्या धुवायला पाणी हवं, वाळायला कडक ऊन हवं. आणि दोरीवर उघड्यावर टाकायची मुभा? ती आधी घरात मिळवावी लागते.

बल्बचं पटकन सांगते. कुणाच्या मोरीत ६० वॅटचा पिवळा बल्ब अजून असेल, तर तो रोज पाच तास जळून महिन्याला ९ युनिटं खातो. ९ वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. हा हिशेब मुलांकडून करून घ्या, बाप ऐकत असताना.

खोका मी सोबत आणला आहे. सकाळी नऊला त्यात डाळ ठेवली होती, आता साडेअकरा झालेत. पुढच्या दोघी या, उशी काढा. कुणीतरी चमचा आणा.