एंजिन केव्हा तापते?

डिझेल एंजिन तापते अशी तक्रार घेऊन गाडीचा मालक कार्यशाळेत येतो, तेव्हा तक्रारीबरोबर त्याने बहुधा उत्तरही आणलेले असते. वॉटर पंप गेला असावा, असे त्याला वाटेत कोणी सांगितलेले असते. रेडिएटर बदलल्यावाचून गत्यंतर नाही, असे दुसऱ्या कोणी. मग एकामागून एक भाग बदलले जातात, आणि एवढा खर्च होऊनही पुढच्या घाटात काटा पुन्हा लाल रेषेवर जाऊन टेकतो. ज्याचे घर त्याच गाडीच्या भाड्यावर चालते, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. आजच्या व्याख्यानाचा विषय आहे तो या सर्व उत्तरांच्या आधी विचारावयाचा एक साधा प्रश्न. एंजिन केव्हा तापते?

उदाहरणासाठी बंगळूर शहर घेणे सोयीचे आहे. डिझेल एंजिनांचे इंधन पंप तयार करणारा ‘मायको’चा कारखाना 1950 नंतरच्या दशकात याच शहरात आडुगोडी येथे उभा राहिला. मोटारींच्या सुट्या भागांचा जुना बाजार जयचामराजेंद्र मार्गावर, म्हणजे लोकांच्या भाषेत जे. सी. रोडवर आहे. 2000 साली जवळच्याच बिडदीच्या कारखान्यातील क्वालिस गाडी बाजारात आली, आणि तिने, तसेच सुमो व बोलेरो यांनी, येथील कंपन्यांच्या नोकरवर्गाची रात्रंदिवस ने-आण केली. याशिवाय एंजिनाच्या शीतनाच्या दृष्टीने या शहराची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घ्यावी लागतात. एक त्याची उंची आणि दुसरे त्याचे पाणी.

बंगळूर समुद्रसपाटीपासून 900 मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी 100 अंशांना नव्हे, तर सुमारे 97 अंशांनाच उकळते. हवाही विरळ असल्यामुळे पंख्याने तितकेच फेरे घेतले तरी रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेचे वजन सुमारे आठ टक्क्यांनी कमी भरते. ही उणीव बव्हंशी भरून काढते ते रेडिएटरचे झाकण. त्यातील स्प्रिंग पाण्यावर दाब धरून ठेवते. जुन्या जीपच्या झाकणाप्रमाणे हा दाब सुमारे अर्धा बार असला, तरी बंगळुरात पाण्याचा उत्कलनबिंदू 109 अंशांच्या आसपास जातो. स्प्रिंग सैल पडली किंवा रबरी चकती तडकली की हा सगळा लाभ नाहीसा होतो आणि एंजिन फारसे तापलेले नसतानाही पाणी उकळून बाहेर येते. चालकाला वाफ दिसते, आणि तो एंजिन तापल्याची तक्रार करतो. क्षुल्लक किमतीच्या या झाकणाची तपासणी प्रथम व्हावी. प्रत्यक्षात ती बहुधा सर्वांत शेवटी होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. गाडी हेब्बाळच्या वाहतुकीत अडकून उभी असताना तापते, की मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना, की नंदी डोंगराच्या वळणांवर? ही तीन ठिकाणे तीन निरनिराळ्या रोगांची आहेत.

उभ्या गाडीचे एंजिन तापत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. गाडी चालू असताना समोरून येणारा वारा पंख्याचे काम करतो. गाडी थांबली की सगळा भार पंख्यावर पडतो. पट्टा सैल आहे काय, पंख्याभोवतीचे आवरण फुटले आहे काय, पंख्याच्या क्लचमधील सिलिकॉन तेल गळून गेले आहे काय, हे पाहावे. येथे डिझेल एंजिनाचा एक स्वभावविशेष उपयोगी पडतो. मंद गतीत फिरताना त्यात इंधन फारच थोडे आणि हवा पुष्कळ जाते. त्यामुळे उभे डिझेल एंजिन पेट्रोल एंजिनापेक्षा थंड राहते. तेही जागच्या जागी तापू लागले, तर दोष किरकोळ समजू नये. वातानुकूलन चालू केल्यावरच काटा चढत असेल, तर रेडिएटरच्या पुढे बसवलेली कंडेन्सरची जाळी धुळीने आणि किड्यांनी भरली असण्याचा संभव असतो. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत माती दडलेली असते.

सपाट रस्त्यावर वेगात असतानाच तापणारी गाडी वेगळी. अशा वेळी रेडिएटरच्या खालच्या होज पाइपकडे पाहावे. पंप या नळीतून पाणी ओढतो. नळी मऊ पडली असेल किंवा तिच्या आतील तारेची स्प्रिंग गंजून गेली असेल, तर एंजिनाची गती वाढताच ती चपटी होते आणि पाण्याची वाट अडते. गाडी थांबवून चालक उतरून पाहतो तोवर ती पुन्हा गोल झालेली असते! कार्यशाळेत एंजिनाची गती वाढवून नळीवर नजर ठेवल्याशिवाय हा चोर सापडत नाही.

राहिली चढण. नंदीचा माथा 1,478 मीटर उंच आहे. त्या वळणांवर गाडीचा वेग थोडा आणि एंजिनावरील भार पूर्ण असतो. वारा कमी आणि इंधनाचे ज्वलन जास्त. जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते. उरलेली धुराबरोबर आणि शीतनाच्या पाण्याबरोबर बाहेर जावी लागते. केवळ चढणीवर तापणाऱ्या गाडीत म्हणून रेडिएटरच्या नळ्या आतून तुंबल्या आहेत काय, ते पाहावे लागते. आणि येथेच बंगळूरच्या पाण्याचा प्रश्न येतो.

सुमारे शंभर किलोमीटरांवरून कावेरीचे पाणी 1974 पासून या शहरात आणले जाऊ लागले. तरी अनेक वस्त्यांची गरज विंधण विहिरींवर भागते, आणि ते पाणी बहुधा जड असते. चहाच्या किटलीत जो पांढरा थर धरतो, तोच एंजिनाच्या पोटात धरतो. एक मिलिमीटर जाडीचा असा थर उष्णतेला दोन सेंटिमीटरांहून अधिक जाडीच्या बिडाइतका अडथळा करतो. बंगळुरात पाणी कधी गोठत नाही, तेथील आजवरचे नीचतम उष्णतामान 7.8 अंश आहे. तेव्हा कूलंट कशाला, असा युक्तिवाद केला जातो. परंतु न गोठणे हा कूलंटचा एकच गुण होय. उष्ण प्रदेशात त्याचा खरा उपयोग गंज रोखण्याचा आहे, आणि तो शुद्ध केलेल्या पाण्यातच मिसळावा लागतो. रेडिएटरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी उष्णतामान मोजले असता मधेच थंड पट्टे आढळले, तर तेथील नळ्या बंद आहेत असे समजावे. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल, तर कुशल कारागीर वरची टाकी डाख काढून उघडतो, नळ्यांतून सळ्या फिरवतो आणि टाकी पुन्हा डाखतो.

चढणीवर तापणाऱ्या पुष्कळ गाड्यांतून थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. पाण्याच्या वाटेतला अडसर दूर केला, असे करणाऱ्याला वाटते. काही एंजिनांत मात्र थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या बाजूने आडवाट बंद करीत असतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाताच परत फिरतो. म्हणजे सकाळी एंजिन लवकर तापत नाही, आणि घाटात अधिक तापते. थर्मोस्टॅटची परीक्षा करावयाची तर तो पातेल्यातील पाण्यात टांगून, शेजारी उष्णतामापक धरून, पाणी तापवीत जावे. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे.

या सर्वांहून गंभीर संशय हेड गॅस्केटचा. त्यासाठी हेड उघडण्याची घाई नको. रात्रभर थंड झालेले एंजिन सकाळी सुरू करावे आणि वरचा होज पाइप हाताने दाबून पाहावा. पाणी अजून कोमट झालेले नसताना मिनिटाभरात तो टणक झाला, तर तो दाब उष्णतेचा नव्हे. सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे. डिझेल एंजिनात हवा वीसपटीच्या आसपास दाबली जात असल्यामुळे बारीकशी फटही त्याला पुरते. झाकण उघडे ठेवून थंड एंजिन सुरू केले असता बुडबुडे येतच राहिले, तर निदान पक्के होते.

काट्यावरही डोळे झाकून विश्वास टाकू नये. दिवे लावताच काटा चढत असेल, तर दोष एंजिनाचा नसून तारेच्या जोडणीचा असतो. याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. पाणी गळून गेले की संवेदक कोरडा पडतो, आणि एंजिन भाजत असताना काटा खाली येतो. चालक निश्चिंत होतो, आणि थोड्याच वेळात हेड वाकते.

रस्त्यात काटा चढलाच, तर वातानुकूलन बंद करून गाडी बाजूला घ्यावी. पाणी गळालेले नसेल तर एंजिन काही वेळ भाराविना चालू ठेवणे हितावह असते, कारण पंप आणि पंखा उष्णता बाहेर काढीत राहतात. पाणी गेलेले असेल तर ते तत्काळ बंद करावे. झाकणाला हात लावू नये. दाबाखालील पाणी मोकळे होताच एकदम वाफ होऊन तोंडावर येते. निदान अर्धा तास जाऊ द्यावा, मग जाड फडके टाकून झाकण थोडे सैल करावे, आणि दाब पूर्ण निघून गेल्यावर एंजिन सुरू करून पाणी सावकाश ओतावे. तापलेल्या बिडावर गार पाणी पडले, तर त्याला तडा जातो.