बाळोते कोणी धुवायचे?

(बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले. राष्ट्रजीवनाचा विचार करणाऱ्या व्यासपीठावर बाळाच्या लंगोटाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु जिजाऊंच्या जन्माने पावन झालेल्या ज्या जिल्ह्याला आपण मातृतीर्थ म्हणतो, तेथे पाळण्यापासून आरंभ करण्यात कमीपणा कसला?

आपल्या घरांत बाळ येण्याआधीच आजी जुने धोतर, विरलेले सुती पातळ काढून त्याची बाळोती शिवून ठेवत असे. वापरून मऊ झालेले सूत कोवळ्या कातडीला मानवते, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. आपला प्रदेश तर कापसाचाच. १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडी आली, ती येथील कापूस वाहून नेण्यासाठी. त्याच कापसाच्या मुलखात जन्मलेले मूल आज पहिल्या दिवसापासून प्लास्टिकमध्ये गुंडाळले जाते, हे चित्र विचार करायला लावणारे आहे.

टाकाऊ डायपर ही वस्तू काय आहे? बाहेर प्लास्टिकचा पापुद्रा, आत लाकडाचा लगदा आणि ओल शोषून फुगणारे रसायन. अमेरिकेत १९६१ साली पॅम्पर्स बाजारात आले आणि पुढे ही सोय जगभर पसरली. ती सोय आहे, हे मी नाकारत नाही. दिवसाला सहा डायपर धरले तरी वर्षाचे २,१९० होतात. एकाची किंमत दहा रुपये धरली, तर एकवीस हजार नऊशे रुपये. मध्यमवर्गीय घराला ही रक्कम लहान नाही. परंतु पैशाचा हिशेब हा माझा मुख्य मुद्दा नाही.

मुख्य मुद्दा हा की, ते २,१९० डायपर जातात कोठे? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी डायपरचा समावेश सॅनिटरी कचऱ्यात केला आणि ते नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर टाकली. आपण मात्र पुष्कळदा ते तसेच घंटागाडीत टाकतो. पुढे कोणीतरी बंधू, कोणीतरी भगिनी तो ढीग हाताने निवडते. गाव लहान असेल तर उकिरड्यावर कुत्री ते फाडतात. जे आपल्या लेकराचे असूनही धुण्याची आपल्याला किळस येते, ते दुसऱ्याच्या हाती देताना आपले मन कचरत नाही. समरसतेवर आपण व्याख्याने देतो. तिची परीक्षा अशा ठिकाणी होते. परीट समाजात जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी याच वऱ्हाडाच्या मातीत हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली. आपली घाण आपण काढावी, हीच त्यांची शिकवण होती.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. कापडही पाण्यावाचून स्वच्छ होत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता की, केवळ कापड वापरल्याने लाभ होत नाही, ते धुण्या-वाळवण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. एकदम पुरेसे कपडे धुतले, यंत्राऐवजी दोरीवर वाळवले आणि तेच धाकट्या भावंडाला वापरले, तर कापड निश्चित सरस ठरते. दोरीवर वाळवणे आणि धाकट्यासाठी जपून ठेवणे या आपल्या आजीच्याच रीती. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे.

पद्धत साधी आहे. पंचवीस-तीस बाळोती शिवावीत. ओले होताच बदलावे. शी आधी शौचालयात झटकावी, कापड थंड पाण्यात भिजवावे, मग गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. सुवासिक द्रव वापरू नयेत. त्यांनी कापडाची शोषकता घटते. साबण घालण्यापूर्वी खळबळलेले पाणी परसातील झाडांना घालावे. प्रवासात, आजारपणात, रात्रीच्या वेळी एखादा डायपर वापरला, तर त्यात पाप नाही. तो कागदात गुंडाळून वेगळा द्यावा, एवढेच.

राहिला शेवटचा प्रश्न : धुवायचे कोणी? स्वदेशी आणि परंपरा यांच्या नावाखाली हे ओझे पुन्हा ओल्या बाळंतिणीच्या किंवा थकलेल्या सासूबाईंच्या माथी मारायचे असेल, तर माझे आजचे सारे बोलणे व्यर्थ आहे. ज्या सुनेला सकाळी नोकरीवर जायचे आहे, तिने डायपरचा पुडा आणला तर तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून माझे हे निवेदन विशेषत्वाने बंधूंना आहे. मैदानावर दंड फिरवणाऱ्या हातांना चार बाळोती पिळणे जड जाऊ नये.

संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनाचा विचार आपल्यापुढे आला. पर्यावरण, कुटुंब प्रबोधन, समरसता, स्वबोध आणि नागरी कर्तव्य ही पाचही सूत्रे एका बाळोत्यात गुंफलेली आहेत. उद्या सकाळी ज्या घरात तान्हे बाळ आहे, तेथील वडिलांनी बादली उचलावी. भाषण तेथे संपेल आणि आचरण तेथे सुरू होईल.