पिकअप, टॉप आणि जळका क्लच

शर्यतीतला शिफ्टर हा प्रकार सोडला, तर गो-कार्टला गिअरबॉक्स नसतो. इंजिनाच्या बाजूला छोटे स्प्रॉकेट, म्हणजे दात्यांचे चाक, मागच्या एक्सलवर मोठे, दोघांना बांधणारी चेन, एवढाच सगळा कारभार. १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल गावी आर्ट इंगल्स या कारागिराने नळ्यांच्या सांगाड्यावर वेस्ट बेंड कंपनीचे छोटे इंजिन बसवून पहिली कार्ट तयार केली. तिथून आजवर हा कारभार मुळात फारसा बदललेला नाही. मोटारसायकलवाला चढाला खालचा गिअर टाकतो, सपाटीला वरचा. कार्टवाल्याला गाडी ट्रॅकवर उतरवण्याआधीच एक गिअर ठरवून घ्यावा लागतो आणि दिवसभर त्याच्याशी संसार करावा लागतो.

त्यामुळे गॅरेजमध्ये पहिला वाद ठरलेला: पिकअप हवा की टॉप?

भाड्याच्या ट्रॅकवर आणि कॉलेजच्या पोरांच्या हौशी गाड्यांवर हमखास भेटणारे होंडाचे जीएक्स १६० हे इंजिन घ्या. त्याचे फेरे मिनिटाला ३,६०० धरू. मागचे टायर ११ इंच व्यासाचे, म्हणजे एका फेऱ्यात गाडी साधारण ८८ सेंटिमीटर पुढे जाते. इंजिनाकडे १० दाते आणि एक्सलवर ६० असतील, तर गुणोत्तर ६. इंजिन सहा वेळा फिरते तेव्हा एक्सल एकदा. गाडीचा टॉप येतो ताशी साधारण ३२ किलोमीटर. आता पुढे १२ दाते, मागे ४८ लावा. गुणोत्तर ४ होते आणि कागदावर टॉप जातो ४७ वर. पोरे खूश.

कागदावर, बरं का. कारण चाकाला मिळणारा जोर त्याच हिशोबाने घटतो. या इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, जास्तीत जास्त १०.३ न्यूटन-मीटर. सहाच्या गुणोत्तराने एक्सलवर तो जवळपास ६२ होतो, चाराच्या गुणोत्तराने ४१. चालक जरा अंगाने भरलेला असला, ट्रॅक आखूड आणि वळणावळणाचा असला, तर ४७ चा वेग गाठण्याआधीच पुढचे वळण येऊन ठेपते.

पण खरा घोटाळा पुढेच आहे, आणि दाते मोजणाऱ्यांच्या तो सहसा ध्यानात येत नाही. तो क्लचमध्ये आहे. कार्टचा साधा क्लच आपोआप चालतो. इंजिनाच्या शाफ्टवर स्प्रिंगांनी आवळून धरलेले शू असतात. फेरे वाढले की ते बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या ड्रमला घासत घासत पकडतात. छोटे स्प्रॉकेट या ड्रमलाच जोडलेले असते. समजा, क्लच २,००० फेऱ्यांवर पकडतो. सहाच्या गुणोत्तरात २,००० फेरे म्हणजे गाडीचा वेग ताशी साडेसतरा किलोमीटर. चाराच्या गुणोत्तरात २६. म्हणजे टॉपच्या नादात दाते बदलणाऱ्याची गाडी दर वेळी २६ च्या वेगापर्यंत हाफ क्लचवर ओढली जाते. या घासण्यातली उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दीडपट, तर उष्णता सव्वादोन पट, आणि तीही गाडी सुटताना दर वेळी, प्रत्येक संथ वळणानंतर.

मग जळका वास येतो, ड्रमवर निळसर झाक चढते आणि दोष जातो क्लच विकणाऱ्या दुकानदाराच्या माथी! पुण्याच्या कायनेटिक कंपनीची १९७२ साली आलेली लूना ज्यांनी चालवली, त्यांना हे लगेच पटेल. तिलाही एकच गिअर, हाताने दाबायचा क्लच नाही; चढावर इंजिन दमले की पेडल मारावे लागे. कार्टला पेडल नाही. तिथे क्लचच सोसतो.

म्हणून आधी क्लच आणि ट्रॅक बघावा, दाते मागाहून. जीएक्स १६० चा सर्वाधिक टॉर्क २,५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. क्लचची स्प्रिंग त्याच्या थोडी अलीकडे पकडेल अशी घ्यावी. पार १,५०० वर पकडणारी घेतली, तर साधारण १,४०० फेऱ्यांनी सावकाश चालणारे इंजिन जागेवरच गाडी ढकलू लागते. ३,४०० वाली शर्यतीची कडक स्प्रिंग घेतली, तर ३,६०० ला थांबणाऱ्या इंजिनाशी तिचे जमत नाही. क्लच नीट पकडायला जागाच उरत नाही. दोन्ही पायांनी एकदम ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबायची सवय मात्र कुठलीच स्प्रिंग भरून काढत नाही. ओबडधोबड जमिनीवर किंवा चढावर चालवायची गाडी असेल, तर ॲक्टिव्हासारखी पट्ट्याची यंत्रणा बसवावी. तिच्यात गुणोत्तर चालताना आपोआप बदलते.

शर्यतीवाल्यांचा नियम सोपा. ट्रॅकवरच्या सर्वांत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, ब्रेक दाबायच्या जेमतेम आधी, इंजिनाने कमाल फेरे गाठावेत. आधीच गाठले, तर मागचे दोन दाते कमी करा. गाठलेच नाहीत, तर दोन वाढवा. पुढच्या स्प्रॉकेटला हात लावताना जपून: दहाचे अकरा केले, की मागे साठातले पाच-सहा दाते कमी केल्याइतका फरक पडतो. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. अशा वेळी मेकॅनिकच्या पेटीत वेगवेगळ्या दात्यांची स्प्रॉकेटे रांगेने लावलेली असतात, ती याचसाठी. पुढे फॉर्म्युला वन गाजवणारा आयर्टन सेना १९७९ आणि १९८० साली जागतिक कार्टिंग स्पर्धेत दुसरा आला, त्या गाड्यांना तर क्लचच नव्हता. ढकलून चालू करायच्या, आणि दाते चुकले की वळणातून बाहेर पडताना इंजिनाचा दम जायचा.

शेवटी एक विनंती. स्प्रॉकेट बदलताना चेनवरचे झाकण काढावे लागते. घाईत बरेच जण ते परत बसवत नाहीत. हैदराबादजवळ २०२० साली एका विद्यार्थिनीचे केस कार्टमध्ये अडकले आणि तिचा जीव गेला. तेव्हा गाडी चालू करण्याआधी ते झाकण घट्ट बसवा, आणि बसणाऱ्याचे केस, ओढणी, मफलर नीट बांधून घ्या.